‘व्हिला’ म्हणजे बंगला नव्हे : रविवार पुरवण्यांच्या संपादकांना खुलं पत्र

संपादकहो,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि जमेल तशी भाषांतरं करते. तुमच्यापैकी एकांकडे मध्यंतरी एक लेख पाठवला होता. विषय होता अर्जेंटिनातला ‘दामास ग्रातिस’ हा कुंबियाचा, म्हणजे तिथल्या गरीब वस्त्यांत चालणाऱ्या नाचाच्या संगीताचा, बँड. लेख छापून आला, मानधनही वेळेवर आलं (हे आवर्जून नोंदवते, कारण असं फार वेळा होत नाही). पण पुरवणी उघडली तर मथळा होता ‘झोपडपट्टी ते झगमगाट’. मधल्या चौकटीत जाड ठशात ‘अर्जेंटिनाची धारावी’ असे शब्द, जे मी कुठेच लिहिले नव्हते. सरकारी निर्बंधांवरचे दोन परिच्छेद उडालेले. आणि सोबत फोटो कुणाचा? लाल झग्यातली बाई आणि तिरकी टोपी घातलेला पुरुष, एकमेकांच्या पायांत पाय गुंतवून टँगो नाचताना.

फोन केला. पुरवणीचं काम बघणारा मुलगा बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, “मॅडम, अर्जेंटिना टाकलं की आमच्याकडे हाच फोटो येतो.”

त्याच्यावर माझा राग नाही. माझं म्हणणं तुम्हा सगळ्यांशी आहे, कारण गेली कित्येक वर्षं तुमच्या पुरवण्यांत अर्जेंटिना म्हणजे टँगो, बोर्हेस, चे गव्हेरा आणि मॅरेडोना. चौघांनाही माझा नमस्कार. पण ज्या तालावर त्या देशातली गरीब वस्ती गेली पंचवीस वर्षं शनिवारच्या रात्री नाचते, त्याला पान मिळत नाही. मिळालंच तर त्याची ‘यशोगाथा’ होते. मला भांडायचंय ते या यशोगाथेशी.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरते. तुमच्याच जाहिरातींच्या पानांवर ‘लोणावळ्यात व्हिला, खासगी तरणतलावासह’ असं छापलेलं असतं. अर्जेंटिनात हाच शब्द उलटा होऊन बसलाय. तिथे ‘विया’, म्हणजे ब्यूनोस आयरेसच्या उच्चारात ‘बिशा’, ही पत्र्याची, विटांची, अरुंद गल्ल्यांची वस्ती. पूर्ण नाव ‘बिशा मिसेरिआ’, दैन्याची वसाहत. पुढचा शब्द कालांतराने गळून पडला, दैन्य राहिलं. तिथे राहणारा तो ‘बिशेरो’, आणि ही शिवी आहे. म्हणून त्या संगीताला ‘कुंबिया बिशेरा’ म्हणतात. शिवीच कपाळावर लावून घेतलेली.

आणि ‘अर्जेंटिनाची धारावी’ का म्हणू नये, तेही सांगते. धारावीला नाव आहे. ब्यूनोस आयरेस शहरातल्या कित्येक बिशांना सरकारने नावही दिलं नाही, नंबर दिले. बिशा 31, बिशा 21-24, बिशा 1-11-14. रेतीरो रेल्वे स्टेशनाला आणि बंदराला खेटून असलेली बिशा 31 ही 1930 च्या दशकातल्या मंदीत बेकारांनी उभी केली. पुढे उत्तरेकडच्या प्रांतांतून कामासाठी आलेली माणसं, मग बोलिव्हिया, पाराग्वे, पेरूमधली माणसं तिथे येत गेली. 1976 ला लष्कराने सत्ता घेतली आणि 1978 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी पाहुणे येणार म्हणून शहर ‘स्वच्छ’ करायला काढलं. बुलडोझर फिरले. पुढच्या काही वर्षांत शहरातल्या बिशांमधून लाखाहून जास्त माणसं हुसकली गेली. कुणाला मायदेशी, कुणाला प्रांतात परत, बहुतेकांना शहराच्या हद्दीबाहेर नेऊन सोडलं. ज्या विश्वचषकावर तुम्ही दर चार वर्षांनी पानंच्या पानं काढता, त्याच्या एका अंकाची ही मागची बाजू. लोकशाही आल्यावर वस्त्या पुन्हा भरल्या. माणसाला कामाजवळ राहावंच लागतं.

आता कुंबियाकडे. हा ताल मुळात अर्जेंटिनाचा नाहीच. तो कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे ढोल, तिथल्या मूळ रहिवाशांच्या लांब बासऱ्या आणि स्पॅनिश भाषेतलं काव्य, असं ते त्रिवेणी प्रकरण. 1950 च्या दशकात अर्जेंटिनात शिकायला आलेल्या वेगवेगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी ‘लोस वावांको’ नावाचा बँड काढला, तिथून कुंबिया अर्जेंटिनात मुरली. आधी मध्यमवर्गाच्या घरगुती पार्ट्यांत, मग हळूहळू खाली झिरपत मोलकरणी, गवंडी, कारखान्यातले कामगार जिथे नाचायला जात त्या ‘बायलान्ता’ नावाच्या नाचघरांत. 1990 च्या दशकात दोन-तीन कंपन्यांनी त्याचा मोठा धंदा केला. साचा ठरलेला होता. लांब केसांची गोरीगोमटी पोरं, चकचकीत शर्ट, प्रेमभंगाची गाणी. गायला सांगतील तसं गायचं, सांगतील तसं कंबर हलवायची. याच काळात गिल्दा ही बालवाडीची शिक्षिका गायिका झाली, 1996 मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेली आणि लोकांनी अपघाताच्या जागी तिचं देऊळच केलं. लोक तिला नवस बोलतात. तिच्यावर एक वेगळं पत्र लिहीन.

तर या साच्यातच पाब्लो लेस्कानो नावाचा पोरगा वाढला. जन्म 1977 चा. घर ब्यूनोस आयरेसच्या उत्तरेला सान फेर्नान्दोमधल्या ‘ला एस्पेरान्सा’ या बिशात. एस्पेरान्सा म्हणजे आशा. (नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती की खरंच आशा होती, सांगता येत नाही.) वयात येतायेताच तो ‘आमार आसुल’ या गाजलेल्या रोमँटिक बँडात कीबोर्ड वाजवायला लागला. पैसे बरे मिळत. पण ज्या मुलीच्या विरहाची गाणी तो वाजवत होता तशी कुणी त्याच्या गल्लीत नव्हती. गल्लीत होते बेकार मित्र, पोलिसांची गाडी, स्वस्त वाइनचे खोके आणि गोंद हुंगणारी पोरं. मग त्याने स्वतःच्या पैशाने दुसरा बँड रेकॉर्ड केला, ‘फ्लोर दे पिएद्रा’. दगडाचं फूल. गाण्यात एका दोस्ताला थेट सुनावलेलं होतं की तू पोलिसांचा खबऱ्या झालास. कंपनीने आधी नाक मुरडलं. विनापरवाना चालणाऱ्या एका रेडिओवर ते वाजलं, नाचघरांतून मागणी आली, आणि नाक मुरडणारेच करार घेऊन आले. साल 1999.

त्यानंतर मोटरसायकलचा अपघात, पाय जायबंदी, बिछाना. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने स्वतःसाठी गाणी रचली आणि 2000 मध्ये उभा राहिला तो ‘दामास ग्रातिस’. शब्दशः ‘बायकांना प्रवेश फुकट’. नाचघरांच्या दारावर ही पाटी असायचीच. म्हणजे शहरातल्या निम्म्या दारांवर बँडची जाहिरात आधीच लागलेली! या एका कल्पनेसाठी मी त्याला दहापैकी दहा देते.

वाद्यांबद्दल थोडं लिहू द्या, कारण मूळ लेखातून ते ‘तांत्रिक’ म्हणून कापलं होतं. गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी ऐकलेल्या मराठी माणसाला यात तांत्रिक काय वाटेल? इथेही इलेक्ट्रॉनिक पॅड आहे, आपल्या ऑक्टोपॅडच्याच जातीचा. गुइरो आहे, म्हणजे खाचा पाडलेलं वाद्य, त्यावर काडी घासली की खर्र-खर-खर असा ताल निघतो आणि तो थांबतच नाही. आणि गिटारसारखा गळ्यात अडकवलेला कीबोर्ड, हा लेस्कानोचा ट्रेडमार्क. तो त्यातून सूर सरळ काढत नाही, वाकवतो, नाकात बोलल्यासारखा, जरा रडका, जरा टवाळ. चाल मात्र संथ. रोमँटिक बँडांनी कुंबियाला पळवलं होतं, याने तिला पुन्हा कोलंबियाच्या जुन्या ठेक्याजवळ आणून बसवलं. संगीत समीक्षक जेव्हा ‘यांना दोनच सूर येतात’ म्हणून हसत होते, तेव्हा हा मुलगा जुन्या कोलंबियन तबकड्या अभ्यासकासारखा ऐकत होता.

मग एकामागून एक बँड आले. ‘येर्बा ब्रावा’, ‘मेता ग्वाचा’, ‘लोस पिबेस चोर्रोस’. या शेवटच्या नावापाशी मी वर्गात नेहमी थांबते. ‘पिबे’ म्हणजे पोरगा आणि ‘चोर्रो’ म्हणजे... होय, चोर. योगायोग नाही हा. हिंदुस्थानातून निघालेल्या रोमा लोकांच्या भाषेतला ‘चोर’ स्पेनच्या जिप्सी बोलीत गेला, तिथून जहाजात बसून ब्यूनोस आयरेसच्या गल्लीत उतरला. ‘चोर पोरं’ हे भाषांतर करताना मला शब्दकोश उघडावा लागला नाही. तुमच्या वाचकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी धारावीच्या चौकटीपेक्षा ते जास्त लक्षात ठेवलं असतं, पैज लावते.

आता त्या कापलेल्या दोन परिच्छेदांविषयी.

काळ कसा होता ते आठवा. 1991 पासून अर्जेंटिनात एक पेसो म्हणजे एक डॉलर असं कायद्यानेच बांधलेलं. सरकारी कंपन्या विकल्या, आयात स्वस्त झाली, कारखाने बंद पडले. 2001 च्या ऑक्टोबरात बेकारी 18 टक्क्यांवर होती, पुढच्या मे महिन्यात 21 च्याही वर. डिसेंबर 2001 मध्ये सरकारने बँकांतून पैसे काढण्यावर बंधनं घातली, लोक तवे-पातेली बडवत रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं मेली आणि राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ राजवाड्याच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने निघून गेले. 2002 मध्ये निम्म्याहून जास्त देश दारिद्र्यरेषेखाली होता. कुंबिया बिशेरा जन्मली ती या घसरणीच्या उतारावर.

आणि याच सरकारच्या रेडिओ-टीव्ही नियंत्रण मंडळाने, ‘कोमफेर’ने, देश कोसळायच्या काही महिने आधी, 2001 मध्येच काय केलं? कुंबिया बिशेराचा मजकूर कसा तपासावा यासाठी एक खास मार्गदर्शिका काढली. कुठल्या गाण्यात नशेचं गुणगान आहे, कुठल्यात गुन्ह्याचं, ते ओळखायचं कसं, आणि ते वाजवणाऱ्या वाहिन्यांवर कारवाई कशी करायची. रॉकमध्येही चरस-गांजाची गाणी ढिगाने होती. मार्गदर्शिका मात्र एकाच संगीताच्या नावाने निघाली. घर जळत असताना कुणी शेजारच्या पोराच्या शिट्टीची तक्रार नोंदवावी, तसा हा प्रकार.

हे तुम्ही कापलंत. कदाचित ‘कोरडं’ वाटलं असेल. पण हे कापल्यावर काय उरतं? एक गरीब मुलगा, त्याची जिद्द, अपघात, आणि टाळ्या. कुणी वाट अडवलीच नव्हती असं वाटतं.

आणि एक गंमत. ज्या टँगोचा फोटो तुम्ही कुंबियाच्या लेखावर चिकटवलात, त्या टँगोचीही हीच गत झाली होती. तो जन्मला ब्यूनोस आयरेसच्या वेशीवरच्या वस्त्यांत, कुंटणखान्यांत आणि ‘कोन्वेन्तिशो’ नावाच्या इमारतींत, जिथे एकेका खोलीत एकेक स्थलांतरित कुटुंब आणि मध्ये सामाईक अंगण. चाळच म्हणा. भद्रलोक त्याच्याकडे बघत नसत. पॅरिसने नाचून दाखवल्यावर बघायला लागले. तरीही 1943 च्या लष्करी उठावानंतर रेडिओवर टँगोतली ‘लुन्फार्दो’ बोली, म्हणजे गल्लीतली, चोरापोरांची भाषा, चालेनाशी झाली. नावाजलेल्या गीतकारांना आपलीच गाणी पुस्तकी स्पॅनिशमध्ये पुन्हा लिहावी लागली. 1949 मध्ये गीतकार-संगीतकारांचं शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष पेरोन यांना भेटलं, तेव्हा कुठे पकड सैल झाली. 2009 मध्ये युनेस्कोने टँगोला मानवजातीचा वारसा ठरवलं. म्हणजे फोटो अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा. फक्त खाली ओळ हवी होती : ‘कुंबियाचा आजा, अंगावर चांगले कपडे आल्यानंतर.’

तुमची एक अडचण मला मान्य आहे. या गाण्यांची भाषा. तिचं मराठी कसं करायचं? लेस्कानो मंचावरून ओरडतो, “सगळ्या नेग्रोंचे हात वर!” ‘नेग्रो’चा अर्थ काळा, पण इथे तो वंशापुरता नाही. 1940 च्या दशकात उत्तरेकडून आलेल्या सावळ्या मजुरांना राजधानीतले लोक एका काळ्या डोक्याच्या पाखराच्या नावाने ‘काबेसिता नेग्रा’ म्हणून हिणवत. तेव्हापासून ‘नेग्रो’ म्हणजे गरीब, गावंढळ, आपल्या पंक्तीत न बसणारा. मैदानात हजारो हात वर जातात, त्यांतले कित्येक हात गोरेही असतात. मी ‘काळे’ लिहिलं, खोडलं. एक-दोन मराठी जातिवाचक शब्द मनात आले, ते तर लिहिलेच नाहीत. तो इतिहास वेगळा, त्याची जखम वेगळी. शेवटी ‘नेग्रो’च ठेवलं आणि कंसात चार ओळी लिहिल्या. छापताना मूळ शब्द गेला आणि उरलं : ‘सर्व रसिकांनी हात वर करावेत.’

संपादकहो, रसिक!

1972 साली नामदेव ढसाळांच्या पहिल्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना तेंडुलकरांनी काय केलं होतं? आपल्याला न कळलेले शब्द त्यांनी कवीला विचारले आणि आपलं अज्ञान वाचकांसमोर उघडं ठेवलं. पांढरपेशा माणसाने अनोळखी वस्तीत शिरावं तर असं. पन्नास वर्षांमागे मराठीत हे होऊ शकलं, आणि आज एका परक्या गाण्यातला एक शब्द आपल्याला सोसत नाही?

याचा अर्थ ही गाणी मखरात बसवायची असा नाही. बायकांबद्दल त्यातलं बरंचसं लिखाण हीन आहे. अंतर्वस्त्रं, कंबर, ‘ती कुणाबरोबरही जाते’ यापलीकडे त्यातली बाई क्वचित जाते. बँडचं नावच बघा. बायकांना प्रवेश फुकट का? तर त्या आल्या की पुरुष तिकीट काढून येतात. मी हे मूळ लेखात लिहिलं होतं आणि कौतुकाची बाब अशी की ते छापलं गेलं. पण बंदीबद्दलचा भाग काढून हा भाग ठेवल्यामुळे तोल गेला. नियंत्रण मंडळाची मुख्य चिंता बायकांची नव्हतीच, नशेची आणि गुन्ह्याची होती. बायकांनी उत्तर दिलं ते स्वतःच, तोच ताल हातात घेऊन. 2007 मध्ये पंक संगीतातून आलेल्या बायकांनी ‘कुम्बिया क्वियर्स’ काढला आणि या पुरुषी गाण्यांची टोपी उडवली. हात वर करणाऱ्या गर्दीत तरुण मुलीही पहिल्यापासून होत्या, हेही खरं. त्यांना काय ऐकू येत होतं, हे मला पुण्यात बसून ठरवता येत नाही.

आणि ती प्रसिद्धी? ती आली, पण तुमच्या मथळ्यातल्या बाणासारखी सरळ वर गेली नाही. त्या काळी बँडचा शनिवार म्हणजे बसमध्ये वाद्यं टाकायची, संध्याकाळी निघायचं, पहाटेपर्यंत चार-पाच नाचघरं करायची, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, घामेजलेल्या शर्टानेच पुढे. तमाशाच्या फडाचा हंगाम जवळून पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. दिवसा टीव्हीवर ‘पासिओन दे साबादो’सारख्या कार्यक्रमात ओठ हलवायचे. तबकड्यांच्या चोरट्या प्रती फुटपाथवर ढिगाने विकल्या जात. त्यांचे पैसे बँडला मिळत नसत, पण त्याच प्रतींमुळे बोलिव्हिया, पाराग्वे, पेरू, मेक्सिकोत नाव पोचलं. जे रॉकवाले नाकं मुरडत होते त्यांच्यातल्या ‘लोस फाबुलोसोस कादिलाक्स’ने लेस्कानोला आपल्या गाण्यात बोलावलं. फुटबॉलपटू कार्लोस तेवेस, जो स्वतः ‘फुएर्ते आपाचे’ या बदनाम वसाहतीतला, त्याने भावाबरोबर आपला कुंबिया बँड काढला. आणि 2018 मध्ये ‘दामास ग्रातिस’ लोलापालूझा या बड्या संगीत महोत्सवाच्या मंचावर उभा राहिला.

तो महोत्सव भरतो सान इसिद्रोच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर. सान इसिद्रो म्हणजे देशातल्या सगळ्यात श्रीमंत पट्ट्यांपैकी एक. त्याला लागूनच सान फेर्नान्दो, लेस्कानोचं गाव. त्याच सान इसिद्रोत ‘ला कावा’ ही मोठी बिशा आहे, जुन्या खाणीच्या खड्ड्यात वसलेली. म्हणजे जग जिंकायला तो फार लांब गेलाच नव्हता. फक्त शेजारच्या गावात पोचायला त्याला अठरा वर्षं लागली. मैदानातल्या पोरांना त्याची गाणी पाठ होती. ‘ला कावा’ अजून तिथेच आहे.

‘झोपडपट्टी ते झगमगाट’ यातला ‘ते’ मला खुपतो तो यासाठी. एक माणूस बाहेर पडला की वस्ती मागे सोडायची गोष्ट म्हणून सांगता येते. लेस्कानोचं सगळं गाणं तर मागे न सोडण्याबद्दल आहे. आणि वस्तीचं गाणं त्याच्यापाशी थांबलेलंही नाही. 2020 च्या सुमारास एल-गान्ते नावाचा पोरगा ‘कुंबिया 420’ घेऊन आला (420 हा गांजाचा सांकेतिक आकडा, आपला चारसोबीस नव्हे). साधासा मायक्रोफोन आणि सरकारी योजनेतला छोटा लॅपटॉप, एवढ्या सामानावर. उपराष्ट्राध्यक्षांनी त्याचं नाव भाषणात घेतलं आणि देशभर भांडण लागलं की असल्या गाण्यासाठी लॅपटॉप वाटले होते काय. 2001 चीच तबकडी, नव्या सुईने.

तर माझी मागणी एवढीच. तो लेख पुन्हा छापा असं म्हणत नाही, छापणार नाही हे ठाऊक आहे. पण यापुढे कुणी मुलगा किंवा मुलगी अशा एखाद्या वस्तीच्या संगीतावर लिहून पाठवेल, मग ती वस्ती ब्यूनोस आयरेसची असो, मेक्सिको शहराची असो की लिमाची, तर त्यातले वस्तीचे शब्द ठेवा आणि कुणी, केव्हा, काय म्हणून वाट अडवली तो परिच्छेद ठेवा. जागा कमी पडली तर अपघात आणि जिद्द खुशाल कापा. ते वाचकाला आपोआप कळतं.

आपली,
एक स्पॅनिश शिकवणारी वाचक, पुणे

ता. क. : त्या मुलाला सांगा की फोटोसाठी पुढच्या वेळी ‘अर्जेंटिना’ टाकण्याऐवजी पाब्लो लेस्कानोचं नाव टाक. गळ्यात कीबोर्ड असलेला माणूस दिसेल. तोच. आणि मथळ्यात ‘दामास ग्रातिस’ लिहिताना ‘ग्रॅटिस’ करू नका, ‘ग्रातिस’. फुकट आहे म्हणून मोडतोड करायची असं नाही.